ट्रॅफिक पंपिंग

ट्रॅफिक पंपिंग म्हणजे दूरध्वनी कंपन्यांनी एकमेकींना द्यावयाच्या नियमबद्ध शुल्काचा लाभ उठवण्यासाठी एखाद्या ठिकाणी येणाऱ्या कॉलची संख्या मुद्दाम फुगवणे होय. अमेरिकेत या व्यवहारावरून सुमारे दोन दशके खटले, तक्रारी आणि नियमबदल चालू राहिले. एफसीसी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाने आपल्या आदेशांत त्यासाठी 'ॲक्सेस स्टिम्युलेशन' ही सौम्य संज्ञा वापरली. 'पंपिंग' हा शब्द मुख्यतः विरोधकांचा; आपण केवळ कायदेशीर दरपत्रकाप्रमाणे पैसे घेतो, असे हा व्यवसाय करणाऱ्या ग्रामीण कंपन्या म्हणत.

हा वाद सामान्य लोकांपर्यंत पोहोचला तो फुकट आंतरराष्ट्रीय कॉलमुळे. २००६ च्या अखेरीस आयोवा राज्यातील एक साधा क्रमांक फिरवून पन्नासहून अधिक देशांत विनामूल्य बोलण्याची सोय उपलब्ध झाली. नोंदणी नाही, कार्ड नाही, जाहिरात ऐकण्याची सक्ती नाही. बोलणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तरी प्रत्येक मिनिटाचे पैसे कोणीतरी देतच होते. ते कोणी आणि का द्यावेत, हाच या प्रकरणातील वादाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या कंपनीची मक्तेदारी न्यायालयीन तडजोडीनुसार मोडण्यात आली. स्थानिक दूरध्वनी सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली आणि लांब पल्ल्याची सेवा एटी अँड टीकडे राहिली. त्यापूर्वी दोन्ही सेवांचा हिशेब एकाच घरात होत असे. आता तो दोन कंपन्यांमधला व्यवहार झाला. न्यू यॉर्कमधील माणसाने आयोवातील शेतकऱ्याला फोन केला, तर लांब पल्ल्याची कंपनी ग्राहकाकडून पैसे घेई आणि कॉल शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचवल्याबद्दल तेथील स्थानिक एक्स्चेंजला मिनिटामागे ठरावीक रक्कम देई. हे प्रवेश शुल्क.

ग्रामीण भागासाठी प्रवेश शुल्काचा दर शहरांपेक्षा बराच अधिक ठेवण्यात आला होता आणि त्यामागचा हेतू रास्त होता. शहरात एका इमारतीत शंभर जोडण्या असतात, तर आयोवाच्या मक्याच्या शेतांतून एका घरासाठी मैल-दीड मैल तार ओढावी लागते. शिवाय मोठ्या कंपन्यांना अशा वस्त्यांत रस नव्हता. आयोवातील बरीचशी दूरध्वनी सेवा म्हणूनच शेतकऱ्यांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या परस्पर-साहाय्य मंडळ्या आणि सहकारी संस्थांकडे राहिली. एकट्या या राज्यात अशा दीडशेच्या आसपास लहान स्वतंत्र कंपन्या होत्या, आणि काहींचे ग्राहक मोजके शेकड्यांतच होते. महाराष्ट्रातील सहकारी दूध संघ किंवा पाणीवाटप संस्था पाहिलेल्या वाचकाला त्यांचे स्वरूप लगेच उमगेल.

अशा कंपनीचा दर ठरवताना खर्चाला एकूण मिनिटांनी भागले जाई. मिनिटे थोडी, म्हणून दर जास्त. अगदी लहान कंपन्यांना तर आधीच्या काळातील खर्च आणि कॉलसंख्या यांवरून पुढील दोन वर्षांचा दर ठरवण्याची मुभा होती. त्या दोन वर्षांत कॉल वाढले तरी दर तोच राही आणि वाढीव उत्पन्न परत करावे लागत नसे. खेड्यात कॉल एकाएकी किती वाढणार, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने यात आणखी एक गोष्ट आणली. कंपनीने आयोगाकडे संक्षिप्त मुदतीचे दरपत्रक सादर केले आणि आयोगाने त्या मुदतीत ते स्थगित केले नाही, तर ते आपोआप 'कायदेशीर मानले' जाई. दर भरमसाट होता असे नंतर सिद्ध झाले, तरी मागील काळाचे पैसे परत मागता येत नसत.

फुकट कॉलचे गणित

समजा, एका गावाच्या एक्स्चेंजचा प्रवेश दर मिनिटाला ५ सेंट आहे. एक कंपनी त्या एक्स्चेंजमध्ये आपले यंत्र बसवते आणि स्थानिक क्रमांक घेते. शिकागोतील एखादा स्थलांतरित त्या क्रमांकावर कॉल करतो. त्याच्या दृष्टीने हा देशांतर्गत कॉल असतो, आणि त्याच्या मोबाइल योजनेत रात्री किंवा शनिवार-रविवारी असे कॉल विनामूल्य असतात. यंत्र त्याला परदेशातील क्रमांक विचारते आणि पुढचा कॉल इंटरनेटवरून रवाना करते. ज्या देशांत पोहोचवणीचा दर कमी आहे, तेथे या टप्प्याला समजा १ किंवा २ सेंट लागतात. लांब पल्ल्याची कंपनी मात्र हा आयोवात संपलेला कॉल समजून एक्स्चेंजला ५ सेंट देते. उरलेले ३-४ सेंट एक्स्चेंज आणि सेवा चालवणारी कंपनी वाटून घेतात.

या हिशेबावरून अशा सेवा सर्वच देशांना का जोडत नसत, तेही कळते. पुढच्या टप्प्याचा खर्च आयोवाच्या दरापेक्षा जास्त असेल, तर फुकट कॉल तोट्याचा ठरे. यादीतील देश निवडण्यामागे कोणाविषयीचा जिव्हाळा नव्हता.

आंतरराष्ट्रीय कॉल हा या युक्तीचा एक प्रकार झाला. त्याहून कितीतरी मोठा व्यवसाय विनामूल्य कॉन्फरन्स कॉलचा होता. तेथे पुढचा टप्पाच नसल्याने खर्च जवळजवळ शून्य. गप्पांच्या लाइनी, ज्यांत प्रौढांसाठीच्या लाइनीही आल्या, आणि पुढे मायदेशातील रेडिओ फोनवर ऐकवणाऱ्या सेवाही याच वाटेने चालल्या.

फ्यूचरफोन प्रकरण

फ्यूचरफोन ही सेवा ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक पश्चिम आयोवाच्या ७१२ या विभागातील होता. ऑलफ्रीकॉल्स ही तशीच दुसरी सेवाही त्याच सुमारास चालू होती. या व्यवहारातील स्थानिक कंपन्यांपैकी सुपीरियर टेलिफोन कोऑपरेटिव्ह ही संस्था डिकिन्सन काउंटीतील सुपीरियर या गावची. गावाची लोकसंख्या दीडशेहूनही कमी. एवढ्याशा वस्तीच्या एक्स्चेंजकडे लाखो मिनिटांची देयके जमू लागली, तेव्हा लांब पल्ल्याच्या कंपन्यांच्या हिशेबनिसांचे लक्ष तिकडे गेले नसते तरच नवल.

जानेवारी २००७ मध्ये एटी अँड टीने आयोवाच्या दक्षिण जिल्ह्यातील संघीय न्यायालयात सुपीरियर आणि इतर स्थानिक कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. त्यानंतर लगेचच फ्यूचरफोनची सेवा बंद पडली. सेवा बंद करण्याचा आदेश न्यायालयाने दिला नव्हता. देयके थकणार हे दिसताच गणितच कोसळले. क्वेस्ट, स्प्रिंट आदी कंपन्यांनीही आयोवातील एक्स्चेंजांची देयके रोखली व दावे लावले. ज्यांनी ही सेवा वापरली, त्यांच्यासाठी चार महिन्यांची चैन एका सकाळी संपली. मायदेशी आईवडिलांशी बोलण्यासाठी कॉलिंग कार्डांवर पैसे घालवणाऱ्या स्थलांतरितांना हा वाद दोन बड्या पक्षांमधला वाटला असल्यास आश्चर्य नाही.

लांब पल्ल्याच्या कंपन्यांची कोंडी

एवढ्या मोठ्या कंपन्यांनी हे पैसे मुळात दिलेच का, असा प्रश्न पडतो. त्यांच्यापुढील मार्ग तीन बाजूंनी बंद होते. दाखल झालेले दरपत्रक कायद्याइतकेच बंधनकारक असल्याने दराची घासाघीस करता येत नव्हती. दुसरे म्हणजे, १९९६ च्या कायद्यानुसार लांब पल्ल्याचे दर शहर आणि खेडे यांत सरासरीने सारखे ठेवावे लागत. त्यामुळे आयोवातील त्या क्रमांकावर बोलणाऱ्याकडूनच जादा पैसे वसूल करता येत नव्हते आणि भार सर्व ग्राहकांवर पडे, कधी असा कॉल न करणाऱ्यांवरही. तिसरा मार्ग कॉल अडवण्याचा.

तो २००७ च्या वसंतात काही कंपन्यांनी वापरून पाहिला; विनामूल्य कॉन्फरन्स क्रमांकांवर लागणारे कॉल त्यांच्या जाळ्यातून जाईनासे झाले. २८ जून २००७ रोजी आयोगाने स्पष्ट केले, की देयकाचा वाद असला तरी कंपनीला स्वतःच न्यायनिवाडा करून कॉल अडवता येणार नाही. दूरध्वनीच्या जाळ्यात कोणीही कोणालाही कॉल करू शकतो, या तत्त्वाला आयोगाने पैशांच्या भांडणापेक्षा वरचे स्थान दिले. हा निर्णय योग्यच होता. अन्यथा उद्या कोणत्या गावाचा फोन लागेल आणि कोणत्या गावाचा नाही, हे लांब पल्ल्याच्या कंपनीच्या मर्जीवर राहिले असते.

२००९ मध्ये याच मुद्द्याला वेगळे वळण मिळाले. गूगल व्हॉइस ही नवी सेवा अशा महागड्या ग्रामीण क्रमांकांवर कॉल जाऊ देत नाही, अशी तक्रार एटी अँड टीने आयोगाकडे केली. आपली सेवा पारंपरिक दूरध्वनी कंपनी नाही आणि अडवलेले क्रमांक शंभरापेक्षा कमी आहेत, असे गूगलचे उत्तर होते. जो नियम एटी अँड टीला डाचत होता, तोच ती आता प्रतिस्पर्ध्यावर लागू करा म्हणत होती.

ग्राहक कोण, हा प्रश्न

न्यायालयीन लढाई अखेर एका शब्दावर येऊन ठेपली. दरपत्रकानुसार प्रवेश शुल्क मिळते ते कॉल 'अंतिम ग्राहका'पर्यंत पोहोचवल्याबद्दल. मग फुकट कॉल देणारी कंपनी ही गावच्या एक्स्चेंजची ग्राहक ठरते काय?

ग्रामीण कंपन्यांच्या हाती एक जुना निर्णय होता. १९९० च्या दशकात आयोवातीलच जेफरसन टेलिफोन कंपनीने गप्पांच्या लाइनी चालवणाऱ्या कंपनीशी प्रवेश शुल्कातील वाटा देण्याचा करार केला होता. एटी अँड टीच्या तक्रारीवर २००१ मध्ये आयोगाने निकाल दिला, की केवळ उत्पन्न वाटून घेतल्याने सार्वजनिक वाहतूकदार म्हणून असलेल्या कर्तव्याचा भंग होत नाही. निकाल अतिशय मर्यादित मुद्द्यावर होता, पण ग्रामीण कंपन्यांच्या वकिलांनी तो सनदेसारखा पुढे केला.

निर्णायक ठरले ते वेलँड गावच्या फार्मर्स अँड मर्चंट्स म्युच्युअल टेलिफोन कंपनीचे प्रकरण. या कंपनीने दरांचे सामाईक कोष चालवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडून स्वतःचे दरपत्रक दाखल केले होते. क्वेस्टने २००७ मध्ये तक्रार केली. ऑक्टोबर २००७ मधील पहिल्या आदेशात आयोगाने म्हटले, की कंपनीचा नफा त्या काळी मान्य असलेल्या ११.२५ टक्के परताव्याच्या फार पलीकडे गेला आहे. मात्र दरपत्रक 'कायदेशीर मानले' गेलेले असल्याने क्वेस्टला भरपाई मिळणार नाही. कॉन्फरन्स कंपन्या या ग्राहकच आहेत, हेही आयोगाने तेव्हा मान्य केले. म्हणजे नफा अवाजवी ठरला, पण तो कंपनीकडेच राहिला.

चित्र पालटले ते कागदपत्रांमुळे. क्वेस्टने आयोवा युटिलिटीज बोर्ड या राज्यस्तरीय नियामकाकडे समांतर तक्रार केली होती आणि तेथील चौकशीत कंपन्यांचे करार, देयके व पत्रव्यवहार उघड झाले. कॉन्फरन्स कंपन्यांना मासिक सेवेची देयके कधी पाठवलीच गेली नव्हती. तक्रार आल्यावर ती तयार करण्यात आली आणि करारांतील दुरुस्त्यांवर मागील तारखा घातल्या गेल्या. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, उलट ज्याला पैसे द्यायचे, तो ग्राहक कसा, हा प्रश्न मग टाळता येईना.

२१ सप्टेंबर २००९ च्या आदेशात आयोवा बोर्डाने फुकट कॉल देणाऱ्या कंपन्या अंतिम ग्राहक नाहीत, असा निष्कर्ष काढून राज्यांतर्गत कॉलांवर घेतलेले शुल्क परत करण्यास सांगितले. काही कॉल तर गावच्या हद्दीत पोहोचतच नव्हते. यंत्रे दुसरीकडे आणि देयक महागड्या दराच्या गावाच्या नावे, असा प्रकारही बोर्डाला आढळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोगाने आपला आधीचा निष्कर्ष फिरवला आणि वेलँडच्या कंपनीने दरपत्रकाबाहेरचे शुल्क आकारल्याचे ठरवले. ३० डिसेंबर २०११ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने हा निर्णय कायम केला.

ग्रामीण कंपन्यांची बाजू निव्वळ लबाडीची होती, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. साउथ डकोटा राज्यात क्रो क्रीक सू जमातीचा ५१ टक्के हिस्सा असलेली नेटिव्ह अमेरिकन टेलिकॉम ही कंपनी कॉन्फरन्स कॉलच्या उत्पन्नावर उभी राहिली. या पैशातून राखीव प्रदेशात इंटरनेट आणि दूरध्वनी आणला, असे तिचे म्हणणे होते. स्प्रिंटने तिची देयके नाकारली आणि प्रकरण अनेक वर्षे राज्य नियामक व न्यायालये यांत फिरत राहिले. ज्या वस्तीत कोणीही तार टाकायला येत नाही, तिने हाती आलेला एकमेव पैसा नाकारावा, ही अपेक्षा शहरातल्या कार्यालयात बसून करणे सोपे असते. तथापि ग्रामीण साहाय्यासाठी ठरलेला पैसा कोणत्या गावाला किती मिळावा, हे कॉन्फरन्स सेवा कोणते गाव निवडते यावर अवलंबून राहू लागले होते. निवडले न गेलेल्या शेकडो गावांना त्यातून काहीच मिळत नव्हते, आणि एकूण व्यवस्थेची बदनामी मात्र सर्वांच्या वाट्याला येत होती.

नियमांतील बदल

एकेका दरपत्रकावर खटले चालवून हा प्रश्न सुटणार नव्हता, कारण एका गावाचा दर उतरला की यंत्रे दुसऱ्या गावी हलत. नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या विस्तृत आदेशात आयोगाने मुळाला हात घातला. या व्यवहारामुळे आधीच्या पाच वर्षांत उद्योगाला २.३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला, असा टिओको या कंपनीचा अंदाज त्यात उद्धृत आहे. आदेशाने व्याख्याही केली: उत्पन्न वाटून घेण्याचा करार असेल आणि त्याबरोबर येणारे कॉल जाणाऱ्या कॉलांच्या किमान तिप्पट असतील, किंवा एका वर्षात वाहतूक दुपटीहून वाढली असेल, तर ती कंपनी ट्रॅफिक पंपिंग करते असे धरावे. अशा कंपनीला राज्यातील मोठ्या कंपनीच्या सर्वांत कमी दराशी आपला दर जुळवावा लागतो. याशिवाय कॉल पोहोचवण्याचे शुल्कच काही वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्याकडे नेण्याचे ठरले. प्रत्येक कंपनीने आपला खर्च आपल्या ग्राहकांकडून घ्यावा, असे त्यामागील तत्त्व. २०१४ मध्ये दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने हा आदेश उचलून धरला.

शेवटच्या टप्प्याचा दर घटल्यावर व्यवहार मधल्या टप्प्यांवर सरकला. आयोवातील अनेक लहान एक्स्चेंजांचे कॉल एका मध्यवर्ती जोडकेंद्रातून जातात आणि तेथून गावापर्यंतच्या वहनाचे शुल्क अजून शिल्लक होते. यावर सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाने उलटा नियम केला: कॉल फुगवणाऱ्या कंपनीनेच हे वहन शुल्क भरावे. करार लपवला तरी सुटका होऊ नये म्हणून केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या कॉलांच्या प्रमाणावर आधारलेली कसोटीही घालण्यात आली. २०२१ मध्ये ग्रेट लेक्स कम्युनिकेशन या आयोवातील कंपनीचे आव्हान अपील न्यायालयाने फेटाळले. तोवर काहींनी साखळीच्या शेवटी इंटरनेट-आधारित सेवा जोडून व्याख्येतून निसटण्याची वाट शोधली होती; २०२३ मध्ये तीही बंद करण्यात आली.

टोल-फ्री क्रमांकांच्या बाबतीत हीच युक्ती उलट दिशेने चालते. तेथे कॉल घेणारा पैसे देतो आणि कॉल जेथून निघाला त्या कंपनीला वाटा मिळतो. म्हणून संगणकाद्वारे बँका, विमान कंपन्या इत्यादींच्या टोल-फ्री क्रमांकांवर निरर्थक कॉल करून मिनिटे वाढवली जातात. त्या शुल्काचा मोठा भाग टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आदेश आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला.

भारतातील समांतर अनुभव

भारतात फुकट कॉलचा असा व्यवसाय वाढला नाही, मात्र ग्रामीण सेवेसाठी लावलेल्या शुल्काने गैरमार्गाला जन्म दिल्याचे उदाहरण येथेही आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने २००३ मध्ये प्रवेश तूट शुल्क लागू केले. स्थानिक व ग्रामीण सेवेत मुख्यतः बीएसएनएलला येणारी तूट त्यातून भरून निघावी, असा हेतू होता. फेब्रुवारी २००४ पासून परदेशातून येणाऱ्या कॉलवर हे शुल्क मिनिटाला ४.२५ रुपये होते, स्थानिक कॉलवर मात्र नाममात्र. परिणामी परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून देशातील एखाद्या खोलीत ठेवलेल्या यंत्रातून स्थानिक कॉल म्हणून सोडणारी बेकायदा एक्स्चेंज उभी राहिली. अमेरिकेतून मुलाचा फोन यावा आणि पडद्यावर मुंबईचाच अनोळखी क्रमांक दिसावा, हा अनुभव त्या काळात अनेक मराठी घरांनी घेतला आहे. परदेशी कॉल स्थानिक भासवल्याच्या आरोपावरून दूरसंचार विभागाने रिलायन्स इन्फोकॉमला १५० कोटी रुपयांचा दंडही केला होता.

आयोवात कृत्रिम कॉल महाग दाराकडे वळवले जात. भारतात खरे कॉल महाग दार चुकवत. शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत २००८ मध्ये ते पूर्णपणे रद्द करण्यात आले. परदेशातून येणारा कॉल पोहोचवण्याचा दर ट्रायने फेब्रुवारी २०१८ पासून मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैसे केला आणि मे २०२० पासून तो ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठरवण्याची मुभा कंपन्यांना दिली. इंटरनेटवरील ॲपमधून ॲपवर होणाऱ्या कॉलला यांपैकी कोणतेही शुल्क लागू होत नाही.